आवलीची वहाण

2025 च्या जुलैअखेरीस ‘महावतार नरसिंह’ प्रदर्शित झाला आणि पाहता पाहता भारतात सर्वाधिक गल्ला जमवणारा भारतीय अ‍ॅनिमेशनपट ठरला. अश्विन कुमार यांचा हा चित्रपट पाच भाषांत आला. ठिकठिकाणी प्रेक्षकांनी चपला बाहेर काढून ठेवल्या, खांबातून नृसिंह प्रकटला तेव्हा हात जोडले, खेळ संपल्यावर तिथेच भजनं म्हटली. हे सगळं मनापासून झालं, यात मला शंका नाही. पण चित्रपट मला फारसा भावला नाही. शेवटच्या युद्धात दम आहे. त्याआधीच्या बऱ्याच भागात माणसांचे चेहरे लाकडी राहतात, चालण्या-वळण्यात शरीराचं वजन जाणवत नाही आणि प्रसंग घडण्याआधीच निवेदन येऊन त्याचा अर्थ सांगून जातं. यातला एकही आक्षेप देवावरचा नाही, सगळे चित्रकामावरचे आणि कथनावरचे आहेत. तरीही असं काही बोललं की समोरून पहिला प्रश्न येतो तो श्रद्धेचा: तुमचा विश्वास नाही का? पडद्यावरचा देव आवडला नाही म्हणणारा माणूस देव नाकारतो, असं गृहीत धरणं अलीकडे फार सोपं झालं आहे. पुण्यात हे गृहीतक विशेष खटकतं. मराठीतला सर्वांत गाजलेला भक्तिपट याच शहरात तयार झाला, आणि तो बनवणाऱ्यांनी भक्ती आणि पसंती यांची अशी गल्लत केली नव्हती. उलट तो चित्रपट आज इतका टिकला आहे, त्याचं एक मोठं कारण त्यांनी भारावून जाणं नाकारलं हे आहे, असं मला वाटतं.

प्रभात फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरात सुरू झाली आणि 1933 मध्ये पुण्यात आली. लॉ कॉलेज रस्त्यालगतच्या ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे तिचा स्टुडिओ उभा राहिला. ‘संत तुकाराम’ 1936 च्या डिसेंबरात आला. त्याआधीच्या तीन वर्षांत प्रभातने काय काय करून पाहिलं आणि काय काय सोडून दिलं, ते लक्षात घेण्यासारखं आहे. 1933 चा ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला गेला. त्याचं रंगकाम जर्मनीत झालं. भारतीय चित्रपटात रंग आणण्याचा मान मिळवण्याची ही संधी होती आणि त्यावर जाहिरात करून वर्षानुवर्षं मिरवता आलं असतं. पण पडद्यावर उतरलेला रंग समाधानकारक नव्हता, चित्रपटही चालला नाही, आणि प्रभातने रंगाचा नाद सोडला. पुढचे त्यांचे सगळे गाजलेले चित्रपट कृष्णधवल आहेत. 1934 मध्ये याच कंपनीने ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा व्यंगपट काढला. भारतातल्या अगदी सुरुवातीच्या अ‍ॅनिमेशनपटांत त्याची गणना होते. कोलकात्याच्या न्यू थिएटर्सचा ‘द पी ब्रदर्स’ हा लघुपटही त्याच वर्षीचा. अ‍ॅनिमेशनची वाट मात्र प्रभातने पुढे धरली नाही. एकेका सेकंदासाठी डझनावारी चित्रं काढायची, ती एकामागून एक कॅमेऱ्याखाली ठेवून टिपायची, हे काम करायला स्वतंत्र कारखाना लागतो. तो उभारण्याइतकी खात्री त्यांना वाटली नसावी. आज पुण्यात जंबूकाकाचं नावही फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला हळहळ वाटते. पण पहिलेपणाच्या कौतुकावर विसंबून दुसरा, तिसरा, चौथा जंबूकाका काढत राहण्याचा मोह त्या माणसांनी टाळला, हेही तितकंच खरं.

तिसरा प्रयोग सर्वांत जोखमीचा होता, कारण त्यात लोकांच्या प्रेमाचा प्रश्न होता. बालगंधर्वांइतकी चाहत्यांची माया त्या काळात मराठी मुलखात दुसऱ्या कलावंताच्या वाट्याला क्वचितच आली असेल. त्यांच्या नाटकांना रात्र रात्र वन्समोर पडायचे. बायका त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची नक्कल करायच्या. केशवराव भोसल्यांचे चाहते आणि गंधर्वांचे चाहते यांचे तट असायचे. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं, तेव्हा दोघांना एका रंगमंचावर पाहायला माणसं वाट्टेल ते पैसे मोजायला तयार झाली. असा माणूस 1935 च्या ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत प्रभातच्या पडद्यावर आला. आधी चित्रपटाचं नाव ‘महात्मा’ होतं, ते सेन्सॉरने बदलायला लावलं. नाव मोठं, विषय मोठा, दिग्दर्शक शांतारामबापू. पण रंगभूमीवर स्त्रीभूमिकांनी लोकांना वेड लावलेला तो कलावंत कॅमेऱ्यासमोर पुरुषवेशात रमला नाही, आणि प्रभात व गंधर्व यांचा तो संसार तिथेच संपला. चाहत्यांची गर्दी हाताशी असताना ‘हे जमलं नाही’ असं मान्य करणं कुठल्याही काळात सोपं नसतं. प्रभातने ते तीन वर्षांत तीनदा मान्य केलं: एकदा तंत्राच्या नव्हाळीबाबत, एकदा नव्या कलाप्रकाराबाबत आणि एकदा लाडक्या कलावंताबाबत.

या घरात टीकाही पाहुणी म्हणून येत नव्हती, ती घरातच राहत होती. पुण्यातला प्रभातचा पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’. त्याचा विषयच असा की राजा बळी देण्याची प्रथा बंद करतो आणि धर्माच्या नावाने पेटून उठलेला राजगुरू त्याच्यावर उलटतो. त्याचं संगीत केशवराव भोळ्यांचं. हेच भोळे ‘एकलव्य’ या टोपणनावाने ‘वसुंधरा’त नामवंत गायकांच्या गाण्याची चिकित्सा करत आणि त्या लेखांचं ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे पुस्तक 1933 मध्ये निघालं होतं. ज्यांच्या एका तानेवर सभागृह डोलतं, त्यांच्या गाण्यात नेमकं काय चांगलं आणि कुठे नुसती सवय बोलते, हे उलगडून लिहिणारा माणूस पुढे ‘संत तुकाराम’ला संगीत देतो, हा मला योगायोग वाटत नाही. त्या चित्रपटातले अभंग ऐकताना गायकीचं प्रदर्शन कुठे आड येत नाही. गाणं पात्राच्या तोंडचं वाटतं, पाठांतर करून आलेल्या गवयाचं वाटत नाही. वाहवा मिळवणारी जागा कुठली हे ज्याला नेमकं कळतं, तोच ती गाळूही शकतो.

आता त्या चित्रपटातल्या आवलीकडे, तुकोबांच्या बायकोकडे, जरा जवळून पाहू. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी तुकोबांच्या घरातच एक भारावून न जाणारी व्यक्ती ठेवली आहे. गौरी या अभिनेत्रीने ती उभी केली. प्रभातमध्ये किरकोळ कामांपासून वर आलेली ही बाई पडद्यावर आली की चित्रपट जमिनीला टेकतो. आवली म्हैस धुते, पोरांना खाऊ घालते, घरात दाणा नाही म्हणून नवऱ्याला फैलावर घेते, आणि विठ्ठलाला तर ती सवतच मानते. पोर आजारी पडतं, तेव्हा ती त्याला घेऊन थेट देवळात जाते आणि हातातली वहाण देवावर उगारते. पंढरीच्या देवासमोर वहाण! ज्या प्रेक्षकांनी तुकोबांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनीसांच्या पायावर डोकं ठेवलं, ज्यांच्या घरांत तुकोबांची तसबीर म्हणून पागनीसांचंच चित्र लागलं, तेच प्रेक्षक या प्रसंगाला दाद देत होते. वर्षभराहून अधिक काळ मुंबईत चाललेल्या त्या चित्रपटाला आवलीमुळे भक्तांचा राग ओढवून घ्यावा लागला नाही. 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली तेव्हाही परीक्षकांसमोर ही वहाण होतीच. आवलीमुळे तुकोबांची भक्ती कमी झाली का? उलट घरात इतकी खरी, इतकी भुकेली, इतकी प्रेमळ माणूस रोज ‘हे मला पटत नाही’ म्हणते, म्हणून त्यांच्या भक्तीला काही किंमत मोजावी लागते आहे हे दिसतं. शेवटी विमान येतं. संसार टाकून आवली त्यात बसत नाही.

या रचनेतला सर्वांत शहाणा भाग मात्र सालोमालो आहे. गंध, टाळ, प्रवचन, शिष्यगण, भक्तीची सगळी सामग्री त्याच्याकडे आहे. तुकोबांचे अभंग तो स्वतःच्या नावावर खपवतो. म्हणजे चित्रपटात न मानणारी एक आहे आणि खोटा एक आहे, आणि ती दोन वेगळी माणसं आहेत. जो खोटा आहे, तो सर्वांत मोठ्याने देवाचं नाव घेतो. जी मानत नाही, ती कुणाला फसवत नाही. एवढी साधी वाटणी केल्याने प्रेक्षकाच्या हातात फार मोठी गोष्ट येते: माणसाचा उत्साह हा त्याच्या खरेपणाचा पुरावा नाही, आणि त्याचा अनुत्साह हा त्याच्या वाईटपणाचा पुरावा नाही.

‘महावतार नरसिंह’बद्दलची माझी खरी तक्रार इथे आहे, चित्रकामातले दोष त्यामानाने किरकोळ म्हणता येतील. या चित्रपटात देवाला नकार देणारं प्रत्येक पात्र असुरांच्या गोटातलं आहे. जो हात जोडत नाही तो राक्षस, असं चित्र त्यातून मनात उरतं, आणि चित्रपटाबाहेरचे चाहते मग तेच माप नावड सांगणाऱ्याला लावतात. यावर कुणी म्हणेल की कथा पुराणातली आहे, हिरण्यकशिपूला आवली कशी करणार? बरोबर आहे. पण प्रल्हादाची कथा नीट आठवून पाहावी. राजा स्वतःच देव होऊन बसला आहे, सगळा दरबार त्याचा जयजयकार करतो आहे, आणि एक लहान मुलगा त्या जयजयकारात सामील होत नाही. त्याला समजावतात, धमकावतात, कड्यावरून ढकलतात, होलिकेच्या मांडीवर बसवून आगीत घालतात, तरी तो बधत नाही. आपल्या पुराणांत समूहाच्या उत्साहाला एकट्याने ‘नाही’ म्हणणाऱ्याची याहून ठळक गोष्ट शोधावी लागेल. पुणे जिल्ह्यात नीरा-भीमेच्या संगमावर असलेल्या नीरा नरसिंहपूरचा नृसिंह कितीतरी मराठी घरांचं कुलदैवत आहे. तिथल्या भाविकांना ही गोष्ट नवी नाही. नारदीय कीर्तनात प्रल्हादाचं आख्यान उत्तररंगात येतं, आणि त्याआधी पूर्वरंगात बुवा एखाद्या वचनावर शंका काढून, ती सोडवून, श्रोत्याचं मन तयार करतात. भक्तिरसात न्हाण्याआधी प्रश्न विचारायला जागा ठेवलेली आहे. इतक्या मोकळ्या परंपरेतली कथा पडद्यावर आल्यावर तिच्याविषयी प्रश्न विचारणं पाप ठरावं, हे त्या प्रल्हादाच्याच विरुद्ध जातं.

दुसरा आक्षेप पुण्यावरचा असतो, आणि तो मी गंभीरपणे घेतो: पुणेकरांना नावं ठेवायची सवयच आहे, त्याला परंपरा कसली म्हणता? हा आक्षेप उडवून लावता येत नाही. 1874 मध्ये पुण्यात ‘निबंधमाला’ सुरू झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यात ग्रंथांवरच्या टीकेवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि मराठी समीक्षेला धार दिली. पण तीच धार त्यांनी जोतीराव फुल्यांवर चालवली तेव्हा आशयाशी झुंजण्याऐवजी त्यांच्या भाषेची, व्याकरणाची टर उडवली. तिथे नापसंती हे जातीच्या तोऱ्याचं हत्यार झालं. नावड सांगण्याचा हक्क ज्याच्या हाती छापखाना त्याचाच, अशी ती व्यवस्था होती. मात्र याच शहरात 1885 साली ग्रंथकारांची सभा भरली आणि न्यायमूर्ती रानड्यांनी फुल्यांना आमंत्रण दिलं, तेव्हा फुल्यांनी पत्र लिहून यायचं नाकारलं. सगळे सुशिक्षित ज्या उपक्रमाचं कौतुक करत होते त्यात आपण का नाही, हे त्यांनी कारणांसह सांगितलं: जे आमचे माणूस म्हणून असलेले हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही. पुण्यातल्या नकाराच्या इतिहासात मला हे पत्र ‘निबंधमाले’हून मोठं वाटतं. त्यात नुसती टवाळी नाही, कारण आहे. आणि ते वरून खाली आलेलं नाही, खालून वर गेलेलं आहे. आवलीची वहाणही त्याच दिशेने जाते. उपाशी पोरांची आई देवाला जाब विचारते, आणि आरामात बसलेला पंडित दुसऱ्याच्या शब्दांना हसतो. या दोन्हींना ‘पुणेरी टीका’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधणं अन्यायाचं आहे.

या इतिहासाची दुसरी काळी बाजूही सांगायला हवी. बहुमताशी न जुळणाऱ्या माणसाला पुण्याने नेहमीच ऐकून घेतलं असं नाही. आगरकर हयात असताना विरोधकांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. 1972 च्या डिसेंबरात ‘घाशीराम कोतवाल’ भरत नाट्य मंदिरात रंगमंचावर आलं, आणि नाना फडणविसांचं चित्रण न आवडलेल्यांचा रोष एवढा वाढला की एकोणीस प्रयोगांनंतर ते थांबवावं लागलं. पुढे थिएटर अ‍ॅकॅडमी स्थापन झाली आणि तिने 1974 मध्ये ते पुन्हा उभं केलं. ‘घाशीराम’ न आवडण्याचा प्रत्येकाला अधिकार होता. त्यातल्या नृत्य-संगीताने भुरळ पडते आणि इतिहास मागे पडतो, अशी टीका कुणी केली तर ती आजही ऐकण्यासारखी आहे. पण मला आवडलं नाही म्हणून दुसऱ्याने पाहू नये, असं म्हटलं की ती नावड राहत नाही, ते फर्मान होतं. चाहत्यांचा दबाव आणि विरोधकांची बंदी यांत मला फार अंतर दिसत नाही. दोघांनाही समोरच्या माणसाने स्वतः पाहून स्वतः ठरवणं नको असतं.

पाहण्याआधीच ठरवण्याचा सर्वांत बोलका दाखला अ‍ॅनिमेशनमध्येच आहे. जपानी निर्माते युगो साको यांनी रामायणावर अ‍ॅनिमेशनपट करायचं ठरवलं, तेव्हा परदेशी माणूस व्यंगचित्रांत रामकथा सांगणार या नुसत्या कल्पनेनेच भारतात विरोध झाला. राम मोहन यांच्यासारखा भारतीय अ‍ॅनिमेशनचा जाणता माणूस त्यात सहभागी झाला. चित्रपट 1992 च्या सुमारास पुरा झाला, पण इथल्या चित्रगृहांत तेव्हा त्याला धड जागा मिळाली नाही. दूरचित्रवाणीवर तो पुन्हा पुन्हा लागत गेला आणि एका अख्ख्या पिढीने त्याला जीव लावला. 2025 च्या जानेवारीत तो नव्याने चित्रगृहांत आला. हाताने रंगवलेल्या त्या अयोध्येतलं ऊन, अरण्यातली शांतता, रामाचा संयत चेहरा मला आजही ताजा वाटतो. देवाचं चित्र भारतीयाने काढलं की परदेशी माणसाने, संगणकावर की कागदावर, यावरून त्याची किंमत ठरत नाही, हे याहून स्पष्ट कसं दाखवणार? म्हणूनच ‘आपल्या माणसांनी थोडक्या साधनांत केलंय, कौतुक करा’ हे म्हणणं मला पटत नाही. कष्टांचा आदर करावाच. पण ‘सैरंध्री’चे कष्ट कमी नव्हते, आणि ते करणाऱ्यांनी स्वतःच त्यांच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं. ‘मुलांसाठीच आहे, एवढं काय मनावर घ्यायचं’ हेही तसंच. मुलांना दाखवायचं म्हणून चेहरे लाकडी चालतील, हा मुलांचा अपमान आहे.

या शहराने नापसंतीला कधीकधी रीतसर आसनही दिलं आहे. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आवाज कुणाचा’च्या आरोळ्यांनी छत दणाणतं, आपल्या महाविद्यालयाच्या एकांकिकेवर इतकं जीव तोडून प्रेम करणारी तरुण मुलं फार ठिकाणी दिसत नाहीत. 2022 च्या महाअंतिम फेरीनंतर परीक्षकांनी सांगितलं की यंदा करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही. करंडक कुणालाच मिळाला नाही. मुलं हिरमुसली, राज्यभर वाद झाला, महामारीतून नुकत्याच बाहेर आलेल्या विद्यार्थ्यांशी इतकं कठोर वागायला हवं होतं का, असं अनेकांनी विचारलं. तो प्रश्न रास्त होता. मला तो निर्णय तरीही योग्य वाटतो, कारण त्या दिवशी कुणाच्या निष्ठेवर, कुणाच्या घराण्यावर, कुणाच्या धर्मावर शंका घेतली गेली नाही. लेखन, बांधणी, प्रयोगाची समज, एवढ्यावरच बोलणं झालं. आरोळ्या ठोकणाऱ्या मुलांचं प्रेम आणि परीक्षकांचा नकार, दोन्ही एकाच छताखाली होते, आणि पुढच्या वर्षी मुलं पुन्हा तालमीला उभी राहिली.

‘महावतार’ मालिकेचे पुढचे भाग 2037 पर्यंत यायचे जाहीर झाले आहेत, आणि त्यांतला पहिला परशुरामाचा, 2027 साठी. परशुरामाची गोष्ट महाराष्ट्राला माहूरच्या रेणुकेमुळे फार जवळची आहे, आणि तिच्यात असा एक प्रसंग आहे की जो कुठल्याही चित्रकाराची परीक्षा पाहील: बापाच्या आज्ञेवरून मुलगा आईवर परशू उचलतो. आधीच्या भावांनी ती आज्ञा मोडली होती. ते भाऊ पडद्यावर कसे दिसतील, भेकड म्हणून की आईच्या बाजूने उभे राहिलेले म्हणून, आणि रेणुकेच्या चेहऱ्याला परशूइतका वेळ मिळेल का, हे मी तिकीट काढून आधी पाहीन, आणि मगच आवडलं की नाही ते सांगेन.